कराडच्या अंगणातला भूकंपमापक: कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी उपकरणं, आली. दोन मागवले होते, एक बिघडला तर हाताशी दुसरा असावा म्हणून. मुठीत मावेल एवढा डबा, खाली रोवायला अणकुचीदार खिळा. आबांनी हातात घेऊन फिरवून बघितला. "भवरा हाय व्हय?" म्हणाले. दिसतो खरा तसाच.

हा उद्योग त्यांच्याच एका वाक्यापायी सुरू झाला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आबा तेव्हा अकरा वर्षांचे, पाटणजवळच्या गावी पडवीत झोपलेले. कोयनेच्या भूकंपाची गोष्ट ते शंभर वेळा सांगतात आणि दर वेळी सुरुवात एकच असते: "आदी घुर्रर्र झालं, मग हाललं." लहानपणी मला ती नुसती सांगायची तऱ्हा वाटायची. पुढं कळलं की हे अगदी काटेकोर निरीक्षण आहे. आधी येणारी लहर वेगळी, मागून येणारी वेगळी. ती दोन पावलं कागदावर उमटलेली बघायची, एवढाच या प्रकल्पाचा हेतू. दुकानात टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करून हातात जेवढं इलेक्ट्रॉनिक्स आलंय, तेवढ्यावरच भागवायचं आहे.

११ जून

जिओफोनच्या पोटात डब्याला घट्ट बसवलेलं चुंबक असतं आणि पातळ स्प्रिंगांवर टांगलेली कॉइल. जमीन हलली की डबा आणि चुंबक तिच्याबरोबर हलतात, कॉइल मात्र जडत्वामुळं जागच्या जागी राहू बघते. दोघांमध्ये हालचाल झाली की कॉइलमध्ये वीज उपजते. माझा नमुना उभी हालचाल मोजतो आणि त्याची स्वतःची लय सेकंदाला साडेचार हेलकाव्यांची आहे. त्याहून संथ हालचालींना तो भराभर बहिरा होत जातो. याचा जाच पुढं होणार.

जमीन सेकंदाला एक मीटर वेगानं हलली तर सुमारे २८ व्होल्ट मिळतात. माझी आकडे करणारी चिप ७.८ मायक्रोव्होल्टची पायरी ओळखते. म्हणजे सेकंदाला पाव मायक्रोमीटरहून जरासा जास्त वेग तिला दिसायला हवा. आपला केस ७०-८० मायक्रोमीटर जाड असतो. हा हिशेब मी तीनदा केला, कारण खरा वाटेना.

टेबलावर टिचकी मारली तर रेघ घंटेसारखी वाजतच राहिली. असं चाललं तर भूकंप कुठला आणि स्प्रिंगची स्वतःची थरथर कुठली, हे कळायचं नाही. दोन टोकांमध्ये हजार ओहमचा रेझिस्टर लावला. आता कॉइलमध्ये उपजलेली वीज त्यातून फिरते आणि कॉइलच्याच हालचालीला विरोध करते. टिचकी एकदा उमटली की संपली. दीड रुपयाच्या वस्तूचं काम!

१५ जून, रविवार

पहिल्या मजल्यावर ठेवून चार दिवस नोंदी घेतल्या. हाती काय लागलं? खलबत्ता, कपडे धुण्याचं मशीन, जिन्यावरून धावणारी लेक आणि रस्त्यानं गेलेली प्रत्येक एसटी. शिवाय दिवसभर सेकंदाला २४ हेलकाव्यांची एक सरळसोट पट्टी, दुपारी दोन ते चार बंद. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी समोरच्या पिठाच्या गिरणीच्या मोटरवरची पाटी वाचली: मिनिटाला १,४४० फेरे. भागिले ६०.

यंत्र अंगणाच्या कोपऱ्यात न्यायचं ठरलं. काळ्या मातीत ठेवून उपयोग नाही, ती गादीसारखी असते. चार फूट खणल्यावर मुरूम लागला, त्याखाली पाषाण. त्यावर सिमेंटचा लहानसा ओटा घातला, वर उलटा ड्रम. हिनं विचारलं, कुणाला पुरायचंय?

२४ जून

दुपारी १ वाजून ३८ मिनिटांनी झकास धक्का. मी दुकानातून धावत घरी. वीस मिनिटं स्वतःला शास्त्रज्ञ समजलो.

मग शंका यायला लागल्या. वेळ जेवणाच्या सुट्टीची. सुरुवात टोकदार, मधे फारसं काही नाही आणि शेवटी लोंबत राहिलेली संथ लाट. हा खाणीतला सुरुंग.

दोन्हींतला फरक मुळातून समजून घ्यावा लागला. पहिली, म्हणजे प्राथमिक किंवा पी लहर खडकाला दाबत आणि ताणत पुढं जाते, हवेतल्या आवाजासारखी. दुसरी एस लहर खडकाला आडवी हलवत जाते, सुताच्या दोरीला झटका द्यावा तशी. आपल्याकडच्या कवचात, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या खडकाळ थरात, पी सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते, एस साडेतीनच्या आसपास. आडवा झटका पुढं न्यायला पदार्थाला घट्टपणा लागतो, म्हणून द्रवातून एस जातच नाही. सुरुंग काय करतो, तर चहूबाजूंना बाहेर ढकलतो. त्यामुळं कुठंही उभं राहा, पहिला झटका वरच्याच दिशेला, आणि एस फिकी. भूकंपाचं तसं नाही. तिथं भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात. समोरच्या खडकाला ढकलणं आणि मागच्याला ओढणं एकाच वेळी चालतं. म्हणून काही गावांत पहिला झटका वर असतो, काही गावांत खाली. अशा बऱ्याच ठिकाणच्या वर-खालीच्या खुणा नकाशावर मांडल्या की भ्रंश कुठल्या दिशेला आणि कसा सरकला ते काढता येतं. माझ्याकडं एकच यंत्र आहे, तेव्हा तूर्त हे नुसतं वाचलेलं ज्ञान.

६ जुलै, आषाढी

उपवास आणि घड्याळ. मी समजत होतो की भूकंपमापक म्हणजे हलणं मोजणारं यंत्र. हलणं मोजणं सोपं निघालं. खरं यंत्र घड्याळाचं आहे. लहर सेकंदाला सहा किलोमीटर पळते, म्हणजे घड्याळ एका सेकंदानं चुकलं की भूकंप सहा किलोमीटरनं सरकला. जीपीएसचा मॉड्यूल जोडला. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं तो काही सेकंद पुढचीच वेळ दाखवायचा. कारण शोधता शोधता एकादशी गेली: उपग्रहांची वेळ आपल्या जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढं चालते, आणि तो ताजा फरक आकाशातून मिळेपर्यंत मॉड्यूल जुन्या फरकावर भागवतो. आता चालू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं धरायचीच नाहीत.

१३ जुलै, रविवार

संथ लाटांसाठी दुसरं यंत्र. पंधरा सेकंदांत एक हेलकावा घेणारा साधा लंबक करायचा तर त्याची दोरी ५६ मीटर लांब हवी. एवढी उंच जागा कराडात कुठून आणू?

उत्तर गोठ्याच्या फाटकात आहे. बिजागऱ्या अगदी ओळंब्यात असतील तर फाटक जिथं सोडाल तिथं थांबतं. वरची बिजागरी किंचित पुढं कलली असेल तर ते सावकाश डुलत डुलत एका जागी येऊन थांबतं. कल जितका कमी, डुलणं तितकं संथ. ६० सेंटीमीटरचा आडवा दांडा, टोकाला रद्दीवाल्याकडून आणलेलं दोन किलोचं वजन, अक्षाचा कल सुमारे ०.६ अंश, की झाला पंधरा सेकंदांचा लंबक. टोकाला तांब्याचा पत्रा लावून तो चुंबकांच्या मधून नेला, म्हणजे डुलणं आवरतं. शंभर वर्षांपूर्वीच्या वेधशाळांतली यंत्रं याच तत्त्वावर चालत. जपानात राहिलेल्या जॉन मिल्न यांची आडव्या लंबकाची यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याला आणि मुंबईत कुलाब्याला बसली होती.

माझं यंत्र जिन्याखाली आहे. कुणी जिन्याशी नुसतं उभं राहिलं तरी फरशी तेवढी कलते आणि रेघ एका बाजूला सरकते. लेकीनं पाटी लावली: "येथे वजन घेऊन उभे राहू नये."

२० जुलै

धो धो पाऊस. पेपरात रोज कोयनेचा टीएमसी. आपल्याकडं तो आकडा लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात.

धरण भरलं तर १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास तीन घन किलोमीटर पाणी, म्हणजे ३०० कोटी टन. या वजनानं भूकंप होतात असं दुकानात येणारा प्रत्येकजण सांगतो. आकडे वेगळं बोलतात. शंभर मीटर पाण्याचा तळाशी दाब साधारण दहा वातावरणांएवढा, तर पाच किलोमीटर खोलीवर खडकाचा स्वतःचा दाब १,३०० वातावरणांच्या घरात. उंटाच्या पाठीवर काडीच. पण उंट आधीच वाकलेला असेल तर? भूगर्भातला ताण तिथं आधीचाच आहे. पाणी फटींमधून खाली झिरपतं, भ्रंशाच्या दोन बाजूंच्या मधे शिरतं आणि त्यांना दाबून धरणारा जोर थोडा हलका करतं. घसरायला टेकलेला खडक घसरतो. म्हणून हल्ली अभ्यासक "धरणामुळं झालेला" म्हणण्यापेक्षा "धरणानं चेतवलेला" म्हणतात.

१९६१-६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं, धक्के सुरू झाले आणि १९६७ चा ६.३ तीव्रतेचा मोठा भूकंप आला. जवळपास दोनशे माणसं गेली. पुढं वारणेचं धरण भरल्यावर तिकडंही धक्के वाढले. सगळा पट्टा साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस रुंद. बहुतेक धक्के दहा किलोमीटर खोलीच्या आत. जगात इतका आटोपशीर आणि इतकी वर्षं हलत राहिलेला पट्टा विरळाच, म्हणून गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडून थेट भ्रंशाच्या शेजारी जायचा प्रयत्न झाला. त्याची प्रयोगशाळा आमच्याच कराडजवळ हजारमाचीला आहे. वर किलोमीटरभर सह्याद्रीचा काळा पाषाण आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटसारखे जुने खडक, मधे गाळाचा थर नाही.

३० जुलै, बुधवार

मोठी नोंद.

सकाळी सातला आक्काचा चिपळूणहून फोन: "बातम्या लाव, रशियात भूकंप, सुनामी यायचीय." चहा तसाच टाकून जिन्याखाली. लंबकाची रेघ कागदभर माजली होती!

कामचाटका, तीव्रता ८.८, आपल्या वेळेनं पहाटे ४ वाजून ५४ मिनिटं ५२ सेकंद. कराडपासून सुमारे ८,२०० किलोमीटर. काल नागपंचमी झाली, बत्तीस शिराळा इथून हाकेच्या अंतरावर. आबा म्हणाले, "शेषानं सन संपायची वाट बघितली."

जिओफोनवर ५ वाजून ६ मिनिटांच्या पुढं चिपच्या जेमतेम तीन-चार पायऱ्यांएवढी थरथर. एरवी मी ती एसटी म्हणून सोडून दिली असती. लंबकावर ५.१६ ला एस, आणि साडेपाचपासून खरी करामत: वीस-वीस सेकंदांच्या रुंद, गुळगुळीत लाटा, तासाहून जास्त वेळ. या पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी. सगळं कराड वीस सेकंदांत एकदा या बाजूला आणि परत त्या बाजूला जात होतं आणि कुणाचा चहा हिंदकळला नाही.

मग मी हुशारी केली. जवळच्या भूकंपासाठी सोपा आडाखा आहे: पी आणि एस यांच्यातले सेकंद गुणिले आठ, बरोबर किलोमीटर. वेगळा काही मंत्र नाही, दोन वेगांच्या फरकातून येतो. इथं अंतर साडेनऊ मिनिटं, म्हणजे ५७० सेकंद. आठानं गुणलं, ४,५६० आले. खऱ्याच्या निम्म्याला जरा वर. दुपारपर्यंत घड्याळावर संशय घेत बसलो. घड्याळ बरोबर होतं, आडाखा चुकीच्या जागी लावला होता. आठाचा आकडा कवचातल्या वेगांवर बेतलेला आहे. कामचाटकाहून आलेली पी कवचातून आलीच नाही. ती खाली वाकत सुमारे २,००० किलोमीटर खोल जाऊन पुन्हा वर आली. तिथं खडक दाबानं इतके ताठ असतात की वेग दुपटीच्या आसपास जातो. पृथ्वीच्या पोटातून सरळ रेषेनं मोजलं तर सुमारे ७,७०० किलोमीटर अंतर पावणेबारा मिनिटांच्या आत!

म्हणजे माझ्या चुकीतूनच पृथ्वीच्या पोटातला वेग निघाला. याच वाटेनं माणसाला पृथ्वीचा गाभा सापडला. आसामच्या १८९७ च्या भूकंपाचा अभ्यास करणारे, भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी दूरच्या नोंदींत पी, एस आणि पृष्ठलहरी वेगवेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ साली लहरींच्या वेळा नीट जुळत नाहीत यावरून आत वेगळा गाभा असल्याचं मांडलं. पृथ्वीच्या केंद्रातून कोन मोजला तर कामचाटका आमच्यापासून ७४ अंशांवर. १०४ अंशांच्या पलीकडं गेलं की गाभा आडवा येतो आणि थेट एस पोचतच नाही. दक्षिण अमेरिकेतला एखादा मोठा धक्का नोंदला गेला तर ती गैरहजेरी बघायची आहे.

तिथला भ्रंश वेगळ्याच जातीचा. पॅसिफिकची तळजमीन वर्षाला सुमारे आठ सेंटीमीटरनं कामचाटकाच्या खाली घुसते, म्हणजे नखं वाढतात त्याच्या दुप्पट वेगानं. पण सांधा अडकलेला असतो. वरचा खडक वाकत राहतो, वाकत राहतो आणि एक दिवस सुटतो. तिथंच १९५२ साली ९.० चा झाला होता. कोयनेच्या ६.३ शी तुलना केली तर तीव्रतेत अडीचाचा फरक, ऊर्जेत साडेपाच हजार पटींचा. तीव्रतेचा एक अंक म्हणजे लाटेची उंची दहापट आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

आक्का आणि दाजी आले. ओवाळणीत जिओफोन दिला. आक्कानं आधी साडी कुठाय विचारलं.

खरी अडचण अशी: एक यंत्र अंतर सांगतं, दिशा नाही. कराडभोवती कंपासनं ४७-४८ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर ते कोयना धरणावरून जातं आणि वारणेच्या भ्रंशपट्ट्यावरूनही. दोन्हींचा धक्का मला सारखाच दिसणार. चिपळूणहून मात्र कोयना धरण २९ किलोमीटरवर आहे आणि वारणेचा पट्टा ४० च्या पुढं. दाजींनी घरामागं जांभा खणून ओटा करायचं कबूल केलंय.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

दहा दिवसांच्या नोंदी टाकून दिल्या. ढोल-ताशा, मग डीजे. गिरणी परवडली.

३० सप्टेंबर

किल्लारीला आज ३२ वर्षं. १९९३ ला अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे ३.५६ ला जमीन हलली. मी तेव्हा शाळेत होतो, पत्रे आणि चादरी गोळा करायला फिरलो होतो एवढं आठवतं.

तीव्रता ६.२, म्हणजे कोयनेपेक्षा मोठी नाही. तरी जवळपास आठ हजार माणसं गेली. भ्रंश तिथं उलटा, एक बाजू दुसरीवर चढलेली, आणि फार उथळ. पण माणसं भ्रंशानं मेली नाहीत. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर उन्हाळ्यासाठी दरवर्षी माती टाकून जड केलेली माळवदं, हे सगळं झोपेत अंगावर आलं. त्या भागाला तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याचा पट्टा म्हणून रंगवलं होतं. तीव्रता हा भूकंपाचा आकडा, हानी हा घरांचा. पेपरात दोन्हींची सरमिसळ होते याचा मला राग येतो.

आज कागदावर काही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मिळाला.

रात्री २ वाजून १२ मिनिटं. खाणी बंद, गिरणी बंद, एसटी नाही. आधी बारीक, चपळ थरथर, पहिला झटका खालच्या दिशेला. म्हणजे सुरुंग नव्हेच. मग सहा सेकंदांनी अंगानं दुप्पट-तिप्पट दुसरी. एकूण अर्ध्या मिनिटाचा मामला, घरात कुणाला जाग आली नाही. पी आणि एस शेजारी शेजारी, आबांच्या वाक्यासारख्या.

एसची सुरुवात नेमकी कुठं धरायची यात माझी पाव सेकंदाची चूक होऊ शकते, कारण उभ्या जिओफोनवर आडवी लहर तितकी लख्ख दिसत नाही. म्हणजे ४८ किलोमीटर, दोन इकडं-तिकडं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दाजींनी चिपळूणची फाइल पाठवली आणि माझा जीव खाली-वर. ऑगस्टच्या पावसात जीपीएसच्या अँटेनात पाणी गेलं होतं. त्यांचं घड्याळ ४१ सेकंद मागं. जुलैभर घड्याळाची भक्ती केली आणि ऐन वेळी तेच दगा देऊन बसलं.

मग लक्षात आलं, वजाबाकीला घड्याळाची खरी वेळ लागतच नाही. पी आणि एस दोन्ही ४१ सेकंद मागं असतील तर फरक तोच राहणार. त्या रात्री अशी आकृती त्यांच्याकडं एकच आहे आणि घड्याळाचा फरक जमेला धरला की वेळही जुळते. फरक ५.२ ते ५.३ सेकंद, म्हणजे ४२ किलोमीटर.

लेकीनं कंपासनं दुसरं वर्तुळ काढलं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात: एक ठोसेघरच्या पठाराजवळ, दुसरं वारणेच्या पट्ट्यात. तिसरं यंत्र नाही, तेव्हा पुराव्यानं सांगता येत नाही. पण वारणेकडं धक्क्यांची वस्ती आहे, मी वारणेवर टिंब देतो. लेक म्हणाली, पेन्सिलीनं दे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चिपळूणला जाताना आबांना बरोबर घेतलं. नवी अँटेना आणि डिंकाचे लाडू पिशवीत. पाटणच्या अलीकडं त्यांच्या जुन्या गावाशी गाडी थांबवली. पडवीचं घर केव्हाच गेलं, तिथं आता पत्र्याची शेड.

मी विचारलं, "आबा, घुर्रर्र झाल्यापासून हालेपर्यंत किती वेळ? डोळं मिटा आन् मोजा."

त्यांनी मिटले. "एक... दोन... तीन... चार." चार म्हणजे ३२ किलोमीटर. कोयनानगर इथून सोळा-सतरा. मी काही बोललो नाही.

थोडं पुढं गेल्यावर आपणहून म्हणाले, "न्हाय, तवा आईनं हाक मारली व्हती मदीच. ती वजा कर." पुन्हा मोजले. दोन आले.

दोन्ही लिहून ठेवले आहेत.